रुमालाखालचा भाव

माझा मुलगा आइंडहोव्हनला नोकरी करतो. 2023 च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे होते. परत येताना होणाऱ्या सुनेची अंगठी मी सोबत आणायची आणि पाऊस लागायच्या आत नाशिकला साखरपुडा उरकायचा, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. अंगठी हिऱ्याचीच, हा मुलाचा हट्ट. माझ्या साखरपुड्याला 1984 साली अंगठी होती, पण साध्या सोन्याची. माझ्या आईच्या वेळी तीही नव्हती. नारळ, लुगडं आणि कागदात बांधलेला साखरेचा पुडा एवढ्यावर सोयरीक पक्की झाली. त्या पुड्यावरूनच तर विधीला नाव पडलं. हिऱ्याची अंगठी ही परक्यांची रीत, असं माझं मत होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. मुलगा म्हणाला, "आई, अँटवर्पला चल तर खरी. तुझ्या कामाची जागा आहे." तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला असल्यानं मला एवढं पुरलं.

ब्रेडाला गाडी बदलून आम्ही अँटवर्पला उतरलो. तिथलं 1905 सालचं स्टेशन एखाद्या देवालयासारखं घुमटाचं आहे. बाहेर पडलं की शेजारीच पेलिकानस्ट्राट, अंगठ्यांच्या दुकानांची रांग. तिच्या मागे होव्हेनियर्सस्ट्राट. होव्हेनियर म्हणजे माळी. म्हणजे ही माळ्यांची गल्ली. तिथे गाड्यांना मज्जाव, तोंडाशी पोलादी खांब आणि पोलीस. 20 ऑक्टोबर 1981 ला या गल्लीतल्या सिनेगॉगसमोर बाँब फुटला होता, त्यात माणसं गेली. काळे लांब कोट घातलेले ज्यू गृहस्थ सायकलीवरून जात होते आणि माझ्या मागून दोघं जण गुजरातीत बोलत येत होते. दिसायला ही गल्ली आपल्या एखाद्या जुन्या पेठेतल्या बोळापेक्षा मोठी नाही.

या गावाचा हिऱ्याशी संबंध फार जुना. 1447 साली इथल्या नगरसभेनं फर्मान काढलं की हिरा, माणिक, पाचू, नीलम यांचे खोटे खडे कुणी विकू नयेत, गहाण ठेवू नयेत, कुणाला देऊही नयेत. ज्या गावात खोट्यासाठी कायदा करावा लागतो, तिथे खऱ्याचा बाजार चांगलाच भरत असणार. मेअर नावाच्या मोठ्या बाजाररस्त्यावर उंचावर एक पुतळा आहे, हातातला हिरा निरखणाऱ्या माणसाचा. हा लोडेवाइक फान बेरकेन. 1476 च्या सुमारास त्यानं फिरत्या चाकावर तेल आणि हिऱ्याचीच पूड लावून हिऱ्याला पैलू पाडायची युक्ती काढली, असं गाईड सांगतात. मला हे शिकवायचं असतं तर मी मुलांना आधी बजावलं असतं की ही गोष्ट त्याचा वंशज म्हणवणाऱ्या एका जवाहिऱ्यानं 1661 च्या पुस्तकात लिहिली, जवळजवळ दोनशे वर्षांनी. तशीच दुसरी गोष्ट 1477 ची. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं बरगंडीच्या मेरीला लग्नाआधी हिऱ्याची अंगठी दिली, ती जगातली पहिली, असं दागिन्यांच्या जाहिराती सांगतात. ते लग्न घेंटला झालं, हे खरं. पण पहिली अंगठी वगैरे म्हणायला आधार नाही, आणि राजघराण्यातल्या देण्याघेण्याला रीत म्हणत नाहीत. घरोघर ही रीत पोचली ती विसाव्या शतकात. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून हिरे इतके निघाले की ते कुणाला तरी विकायलाच हवे होते. "हिरा अनंत काळाचा" या अर्थाची ती प्रसिद्ध ओळ 1947 ची, एका अमेरिकी जाहिरात कंपनीतल्या बाईंनी लिहिलेली. त्या वेळी माझी आई सात वर्षांची होती.

माझं मन अडकलं ते एका वेगळ्याच प्रश्नात. 1477 च्या त्या अंगठीतला खडा आला कुठून? उत्तर एकच संभवतं. अठराव्या शतकात ब्राझीलला हिरे सापडेपर्यंत बोर्निओतले थोडेफार सोडले तर जगातला हिरा म्हणजे हिंदुस्थानचा हिरा. कृष्णेच्या खोऱ्यातून निघायचा आणि अरबांच्या, व्हेनिसच्या हातांतून वर सरकायचा. पोर्तुगीजांना समुद्राची वाट सापडली, 1510 ला गोवा त्यांच्या हाती गेला आणि हिऱ्याची वाट बदलली. गोवा, लिस्बन, अँटवर्प. ज्या गल्लीत मी उभी होते तिच्या दुसऱ्या टोकाला जुनं गोवं होतं.

शाळेच्या सहली घेऊन मी जुन्या गोव्याला कितीदा तरी गेले आहे. मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे, तिच्यातून वर चढणारा रस्ता म्हणजे एकेकाळची रुआ दिरैता. मुलांना मी चर्चेस दाखवायचे, झेवियरची शवपेटी दाखवायचे. त्या रस्त्यावर सोनार आणि खडे घासणारे कारागीर ओळीनं बसत, रोज सकाळी तिथे लिलाव चाले, हे मी कधी सांगितलं नाही, याची मला आता हळहळ वाटते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्या गोव्यात राहत होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. 1563 ला गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात हिऱ्यावर एक पूर्ण संवाद आहे. युरोपात तेव्हा समज होता की हिरा विष असतो आणि घणानं फुटत नाही. ओर्ता म्हणतो, गुलाम हिरे गिळून पळवतात आणि त्यांना काही होत नाही, आणि हातोडीनं तर हिऱ्याचा सहज भुगा होतो. घणाच्या परीक्षेला उतरतो तोच खरा हिरा, हे आपल्याकडेही लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं. हिरा कठीण असतो म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही. घाव नेमक्या रेषेवर बसला तर तो दुभंगतो. त्या काळच्या एका डॉक्टरनं ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला, याचं मला फार कौतुक आहे.

आणि याक द कूत्र. हा ब्रूजचा, म्हणजे अँटवर्पपासून फार लांबचा नाही. तरुणपणी लिस्बन गाठून 1592 ला तो गोव्याला उतरला, दहा वर्षं मलाक्काच्या बाजूला फिरला आणि पुढची वीस वर्षं गोव्यात राहून हिऱ्यांचा व्यापार केला. विजापूरच्या दरबारात गेला, खाणींवर गेला, खडे घेऊन खुष्कीच्या मार्गानं युरोपातही जाऊन आला. 1623 ला गोव्यात त्याला आणि त्याच्या भावाला पकडलं. कारण एवढंच की ते फ्लेमिश होते आणि डच शत्रूला फितूर असतील असा संशय होता. दोघांना लिस्बनला पाठवून दिलं. त्याच्या आठवणी त्याच्या मुलानं लिहून काढल्या. त्या छापून यायला 1991 साल उजाडलं. वीस वर्षं ज्या गावात संसार केला तिथून एका संशयावर उचलून नेलेल्या माणसाची ती वही आहे.

दुकानाकडे वळते. पहिल्या दुकानात आमचं जमलं नाही. प्रमाणपत्र नंतर मिळेल, आधी अंगठी निवडा, असं तिथला माणूस म्हणत राहिला. दुसरं दुकान एका पालनपुरी जैन कुटुंबाचं. वडील 1970 च्या दशकात आले, मुलगा इथेच जन्मला. माझ्याशी हिंदी, फोनवर गुजराती, शेजाऱ्याशी फ्लेमिश. बेल्जियमच्या कारागिराला ज्यात हात घालणं परवडत नसे, असा बारीक कच्चा माल पालनपुरी व्यापाऱ्यांनी घेतला आणि नवसारी-सुरतेला पाठवला. पुढे मोठे खडेही तिकडेच जाऊ लागले. अँटवर्पच्या पूर्वेला केंपन भागातल्या खेड्यांत घरोघर चालणारी पैलूंची चाकं त्यामुळे बंद पडत गेली. तिथल्याही कुणाचे आजोबा त्या चाकावर बसत असतील, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

त्यानं गल्ल्यातून कागदाची घडी काढली. पाच घड्यांची पुडी, आतून फिकट निळा कागद, वर पेन्सिलीनं आकडे. उघडली तर मध्यभागी एक खडा. अर्धा कॅरेट, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. साबुदाण्याच्या फुगलेल्या दाण्याएवढा. त्यानं तो चिमट्यात धरला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या हाती दिलं. "आंटी, डोळ्याला लावा. भिंग लांब धरू नका, खडा जवळ आणा." दोनतीनदा सगळं धूसर दिसलं. मग एकदम वरचं सपाट तोंड स्वच्छ झालं, त्याभोवती त्रिकोण आणि पतंगाच्या आकाराचे पैलू, आणि श्वास लागला तशी वाफ येऊन क्षणात उडून गेली. खरा हिरा वाफ धरत नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं खडा आडवा केला. कंबरेच्या बारीक पट्टीवर लेझरनं कोरलेला नंबर उलटा दिसत होता. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मुलगा प्रमाणपत्राशी ताडत गेला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा आम्ही दोघंही नकळत हसलो.

असा गोल खडा घडवताना कच्च्या हिऱ्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग पूड होऊन जातो, असं त्यानं सांगितलं. या घाटाचे कोन गणितानं मांडले ते मार्सेल टोलकोव्स्की यांनी, 1919 साली. अँटवर्पच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातलेच. हे ऐकताना मला आमच्या नाशिकचा हिरा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा, जगात नासक डायमंड नावानं ओळखला जाणारा. 1818 ला पेशवाई गेली तेव्हा तो इंग्रजांनी नेला. तेव्हा वजन नव्वद कॅरेटच्या आसपास. लंडनला पैलू बदलून ऐंशीच्या आसपास राहिला. 1940 ला न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापला, उरला 43.38. आपल्या जुन्या कारागिरांनी वजन राखलं, तिकडच्यांनी चमक राखली. दुकानातला खडा झगमगत होता, हे मी नाकारत नाही. पण देवाला वाहिलेल्या खड्याचा निम्मा भाग कुणाच्या तरी चाकाखाली पूड झाला, याचं दुःख मला आहे आणि ते राहील.

भाव ठरायची वेळ आली. मुलानं आकडा सांगितला, दुकानदारानं थोडा वर सांगितला, थोडं पुढेमागे झालं. मग दुकानदारानं हात पुढे केला, मुलानं तो धरला आणि दुकानदार म्हणाला, "मझल." पूर्ण शब्द मझल ऊ ब्राखा, हिब्रूतला, नशीब आणि आशीर्वाद. इथल्या बाजारात हात मिळवून हा शब्द उच्चारला की सौदा पक्का, लेखी कागद असो वा नसो. ज्यू म्हणतात, जैन म्हणतात, आर्मेनियन म्हणतात. शब्द मोडणाऱ्याला हिऱ्याच्या बाजारात जागा राहत नाही. 1942 ला याच शहरातून हजारो ज्यूंना मेखेलनच्या छावणीतून आउश्वित्झला नेलं. त्यांतले कितीतरी याच गल्लीतले. जे वाचले, परतले, त्यांनी बाजार पुन्हा उभा केला तो याच शब्दावर.

तो हात पाहताना मला माझे वडील दिसले. ते घोटीच्या बाजारात बैल घ्यायला जात. मी सातआठ वर्षांची असताना एकदा मलाही नेलं होतं. हेड्यानं, म्हणजे बैलांच्या दलालानं, रुमाल टाकला, दोघांचे हात रुमालाखाली गेले, कुणी अवाक्षर बोलेना. बोटं हलत होती तेवढा रुमाल हलत होता. घरी येताना वडिलांनी माझा हात धरून शिकवलं, कुठलं बोट धरलं की किती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात गोवळकोंडा-विजापूरच्या मुलखात खाणींवर गेला होता. एका खाणीवर साठ हजार माणसं राबताना त्यानं पाहिली. खाणींवरचा हिऱ्याचा सौदा त्यानं अगदी असाच लिहून ठेवला आहे. शेल्याखाली हात, तोंडातून शब्द नाही. पूर्ण पंजा दाबला की हजार, पाच बोटं म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत पन्नास, टोकाचं पेर म्हणजे दहा. सकाळी झाडाखाली बसून हिरे पारखणारी दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुलंही त्यानं पाहिली. प्रत्येकाजवळ वजनं आणि पैशांची थैली. वर्गात ताव्हेर्निये मी कितीदा शिकवला, पण घोटीचा रुमाल आणि तो शेला माझ्या डोक्यात कधी शेजारी आले नव्हते. ते आले अँटवर्पच्या दुकानात, परक्यांची रीत म्हणून मी जिला नाक मुरडलं होतं ती अंगठी घेताना.

पावतीवर 21 टक्के कर होता. मी भारतात राहते, अंगठी युरोपबाहेर नेणार, तर विमानतळावर कागद दाखवून कर परत मिळेल, असं दुकानदार म्हणाला. मुलगा म्हणाला, "लग्नानंतर अंगठी तिच्या बोटात इकडेच परत येणार आहे. कर राहू द्या." मला ते पटलं. निघताना मी ती निळ्या कागदाची पुडी मागून घेतली.

नाशिकला आल्यावर कळलं की अंगठी सुनेला थोडी सैल होते. सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले. माझ्या लग्नातलं मंगळसूत्र यांच्या वडिलांनी घडवलेलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, खडा फिरवला आणि म्हणाले, "काकू, हे काम सुरतेचं दिसतंय." मी म्हटलं, "अँटवर्पहून आणलंय." ते म्हणाले, "असू दे. मंगळवारी न्या." अंगठी त्यांच्याकडे ठेवून मी भद्रकालीतनं भाजी घेऊन घरी आले. चहा टाकला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी चिठ्ठी दिली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. मंगळवारी अंगठी तयार होती.