मोसमखोऱ्यातील इंजिनाचा श्वास

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत उगम पावून ताहराबाद, नामपूर अशी गावे मागे टाकीत मोसम नदी मालेगावापाशी गिरणेला मिळते. आणि तिच्या काठची ही भूमी आज कांदा व डाळिंब यांच्यासाठी ओळखली जात असली, तरी इतिहासात तिची प्रसिद्धी प्रथम झाली ती वाटेमुळे. सुरतेहून दख्खनेत उतरणारा माल बागलाणातून जाई, त्यावरील जकातीवर मुल्हेरच्या बागुल राजांचा खजिना पोसला जाई, १६३८ मध्ये मोगलांनी हे राज्य आपल्या अंमलाखाली घेतले त्यामागेही ही वाट होतीच, आणि १६७० साली सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांनी धरलेला मार्गही याच मुलखातून गेला. पुढे इंग्रजी अमदानीत, १८६९ मध्ये, नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा खानदेशच्या दफ्तरातून बागलाण तालुका तिकडे वर्ग करण्यात आला. अंमल असे बदलत गेले, परंतु वाटेवरची धूळ मात्र सर्व राजवटींत एकसारखी राहिली. आणि ती बैलांच्या व गाडीवानांच्या नाकात जात होती तोवर कोणत्याही कचेरीने तिची नोंद घेतली नाही. ती नोंद घ्यावी लागली इंजिन आल्यावर.

इंजिनाची भूक आपण इंधनात मोजतो, कारण पैसे इंधनाचे द्यावे लागतात. वस्तुतः एक लिटर पेट्रोल नीट जळावयाचे तर त्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दीड लिटर क्षमतेचे साधे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागले, की त्या एका मिनिटात ते दोन हजार लिटरांच्या आसपास हवा ओढते. या हवेबरोबर येणारा रेतीचा कण आकाराने केसाहून कितीतरी बारीक असला, तरी पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात शिरून तो कानशीसारखा चालतो. मग रिंगा घासतात, इंजिन ऑईल खाऊ लागते, मागे निळा धूर निघू लागतो, आणि मिस्त्री मान हलवून ‘काम काढावे लागेल’ असा निकाल देतो.

या निकालावरचा पहिला प्रसिद्ध उपाय शेतातच निघाला, हे आमच्या शेतकऱ्यांना ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसन नामक गृहस्थाने धुळीने इंजिने मरताना पाहिली, आणि १९१५ मध्ये तारेचा पिंजरा व कापड यांचा एक ओबडधोबड गाळणा करून तो इंजिनाच्या तोंडाशी बसविला. एअर क्लीनरचा मोठा व्यवसाय त्यातून उभा राहिला.

आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकांतून आले नाही. ते जीपबरोबर आले. महायुद्ध संपल्यावर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि तिच्या बॉनेटखाली, कार्ब्युरेटरपासून अंतर राखून, एक काळा गोल डबा नळीने जोडलेला असे. हाच तो ऑईल बाथ एअर क्लीनर. आत येणारी हवा प्रथम खाली वळून तेलाच्या पृष्ठभागावर आदळे, एकदम दिशा बदलून वर तारेच्या जाळीतून जाई, आणि जड धूळ त्या वळणावर मागे राहून तेलात बसे. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढावयाचे ठरविले, त्या बी-२७५ ट्रॅक्टरवरही हीच योजना होती. विहिरींवर धडधडणाऱ्या ऑईल इंजिनाच्या पिढीत वाढलेल्या माणसाला या डब्याची सेवा मुखोद्गत असे: क्लिपा सोडून खालची वाटी काढायची, तळाशी बसलेला काळा चिखल बोटाने खरवडायचा, वाटी व जाळी रॉकेलने धुऊन काढायची, आणि आत कोरलेल्या खुणेपर्यंत, तिच्या वर एक थेंबही नाही, इतके ताजे ऑईल भरायचे. तेल अधिक झाले तर इंजिन ते ओढून घेई. कमी झाले तर धूळ आत जाई. नांगरणीच्या दिवसांत हे काम रोजचे असे. वाटीतील चिखल पाहून, तो चिखल आत गेला असता तर काय झाले असते याचा बोध निरक्षर चालकासही होई, आणि हे शिक्षण कोणत्याही माहितीपत्रकाने दिले नसते असे मला वाटते.

यानंतर घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आला. तो बारीक कण अधिक चांगले अडवितो व त्यास तेल लागत नाही, हे खरे; परंतु तो धुता येत नाही, आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा जवळून व जोरात मारण्याची जी रीत पडली, तिच्यामुळे कागदाला सूक्ष्म छिद्रे पडून फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो. प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपांच्या काळात अशी इंजिने किती लवकर बसली असतील, याची कैफियत कोणी लिहून ठेवलेली नाही.

इतका प्रपंच करण्याचे कारण असे, की अलीकडे मालेगाव-नाशिकच्या दुकानांतून चकचकीत नळी व तिच्या टोकास लाल शंकू अशी जी वस्तू ‘कोल्ड एअर इंटेक’ या नावाने विकली जाते, ती घेऊ पाहणाऱ्या तरुणास या परंपरेची वार्ता नसते. तिचा उगम शर्यतींत आहे. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या के अँड एन या संस्थेने तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर लोकप्रिय केला. हवा त्यातून मोकळेपणी वाहते, आणि शर्यतीच्या गाडीचे इंजिन तसेही वारंवार उघडले जाते. थंड हवेमागील तत्त्वही निर्विवाद आहे. वैशाखात नामपुरास बाहेर ४२ अंश तापमान असता बॉनेटखाली ते ७० झाले, तर तेथील हवा सुमारे आठ टक्के विरळ असते, म्हणजे त्याच घोटात प्राणवायू तितका कमी. हवा बाहेरून घेतली तर लाभ होणारच. तथापि हा लाभ कोणाला? आजच्या बहुतेक गाड्यांत कंपनीने दिलेल्या बंद डब्याचे तोंड मुळातच रेडिएटरच्या पुढे किंवा मडगार्डच्या आत, बाहेरच्या हवेत असते. आणि उघडा शंकू बॉनेटखाली मोकळा ठेवला, तर तो नेमकी गरम हवा ओढतो. म्हणजे नाव थंड हवेचे आणि काम उलट. आवाज मात्र वाढतो, आणि वाढलेला आवाज मनुष्यास वाढलेली शक्ती वाटतो.

डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवरील नाकपुडी पाहून इंजिन तेथून श्वास घेते असे अनेकांस वाटते. पण ती इंटरकूलरसाठी आहे. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती अतिशय तापते, आणि ती तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड करून सिलिंडरात पाठविली जाते. त्यामुळे आरंभीच्या दहा-वीस अंशांच्या फरकाचा बराचसा भाग तेथेच पुसला जातो. शिवाय आत येणाऱ्या हवेचे वजन तारेच्या संवेदकाने मोजणाऱ्या गाड्यांत नळीचा व्यास बदलला तर मोजणी चुकते, आणि सुती जाळीवर तेल अधिक झाले तर ते त्या तारेवर बसते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांनंतर अशा चुकीची किंमत वाढली आहे: डॅशबोर्डवर दिवा लागतो, वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात फेरफारांविषयी जी तरतूद आहे, तिच्या धाकापेक्षा हा दिवाच अनेकांस लवकर ताळ्यावर आणतो.

तरीही घ्यावयाचेच असेल, तर नामपूरच्या परिसरात निवडीचा क्रम शर्यतीच्या मैदानाहून वेगळा लागतो. येथे मार्चपासून कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे रांगा लावतात, शिवाररस्त्यांवरून धुरळ्याचे लोट उठतात, वाळलेली पाती व टरफले वाऱ्यावर उडत असतात. तेव्हा फिल्टर किती हवा सोडतो याच्या अगोदर तो किती धूळ अडवितो हे विक्रेत्यास विचारावे, व अडविण्याचे प्रमाण छापलेले नसेल तर वस्तू खाली ठेवावी. शंकू उघडा नसावा, झाकणाच्या बंद डब्यात असावा, आणि त्या डब्याचा रबरी जोड कोठेही सैल नसावा, कारण जोडाच्या फटीतून आलेली धूळ कोणताही फिल्टर गाळीत नाही.

दुसरी गोष्ट तोंडाच्या उंचीची. काही नळ्या थंड हवेच्या लोभाने खाली बंपरच्या आत नेलेल्या असतात. मोसमेच्या व तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या फरशी पुलांवरून पावसाळ्यात गाडी घालणे येथे नवलाचे नाही, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे त्याचा घोट सिलिंडरात गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग नवे इंजिन बांधण्याची पाळी येते. पाण्यात उतरविल्या जाणाऱ्या लष्करी जीपना श्वासाची नळी बॉनेटच्या वर उंच नेण्याचा संच मिळे, तो याच भयाने. म्हणून तोंड हेडलाइटच्या उंचीच्या खाली कदापि नसावे. इतके सर्व साधत नसेल, तर कंपनीचा डबा तसाच ठेवून कांद्याच्या प्रत्येक हंगामानंतर आतील कागद बदलावा. चकचकीत नळीच्या किमतीत असे कागद पुष्कळ येतात.