दुसरी वाट : तारायंत्रापासून राउटरपर्यंत

दळणवळणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पहिल्या वाटेचाच इतिहास लिहितो. पहिली आगगाडी कधी धावली, पहिली तार कोठून कोठे गेली, या तारखा शाळेतील मुलांनाही पाठ असतात. परंतु ती वाट तुटली तेव्हा लोकांनी काय केले, दुसरी वाट होती की नव्हती, आणि असूनही ती वेळेवर उपयोगी का पडली नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. चांदा व गडचिरोली या अरण्यप्रदेशाला तर हा दुसराच इतिहास अधिक जवळचा आहे. येथील नद्या, येथील जंगल आणि येथील माणसांचा इतिहास यांनी तो वारंवार लिहिला आहे.

हिंदुस्थानात डॉ. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली तारा उभ्या राहिल्या, आणि १८५५ मध्ये तारखाते सर्वसाधारण जनतेसाठी खुले झाले. त्या वेळची रचना पाहण्यासारखी आहे. कलकत्त्याहून आग्रा, आग्र्याहून मुंबई आणि मुंबईहून मद्रास, असा एकच लांबलचक धागा होता. कलकत्त्याचा निरोप मद्रासला जायचा तर तो आग्रा-मुंबईचा वळसा घेऊनच जाणार! १८५७ साली उत्तरेत उठाव झाला, आणि कलकत्ता व आग्रा यांच्यामधील तार तुटली. एक दुवा निखळताच साखळीची दोन्ही टोके एकमेकांना मुकी झाली. पूर्व किनाऱ्याने कलकत्त्याहून थेट मद्रासला तार नेण्याची निकड राज्यकर्त्यांना पुरती पटली ती यानंतर. दुसऱ्या वाटेची किंमत पहिली तुटल्यावाचून कळत नाही, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

दुसरा धडा आपल्याच प्रदेशातला आहे. नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांच्या हाती गेले, त्याला चारच वर्षे झाली होती. १८५८ च्या आरंभी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि आरपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या नोकरांचा तळ होता, त्यावर हल्ला झाला. गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा नोकर निसटला आणि डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकरवी बाबुराव पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचे नाव या जिल्ह्यात आजही आदराने घेतले जाते.

या घटनेची थोरवी वीरांच्या चरित्रात आहेच. मला येथे तिच्यातील एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. समजा, पीटरही त्या रात्री मारला गेला असता, तर चांद्याच्या कचेरीला काय समजले असते? काहीच नाही. नुसती शांतता! आणि शांततेचे अर्थ दोन असतात. ‘सर्व काही सुरळीत आहे, म्हणून सांगण्यासारखे काही नाही,’ हा एक. आणि ‘सांगणाराच उरला नाही,’ हा दुसरा. या दोन शांतता एकमेकींपासून निवडाव्या कशा, हाच पुढच्या शंभर-दीडशे वर्षांतील दळणवळणाचा खरा प्रश्न ठरला.

वाटा वाढविण्याचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो अमेरिकेतील पॉल बॅरन याने. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत एक मध्यवर्ती ठाणे व त्याला जोडलेल्या रेषा, ही जुनी रचना टाकून कोळ्याच्या जाळ्याऐवजी मासेमाराच्या जाळ्यासारखी वीण सुचविलेली होती. कोळ्याच्या जाळ्याचा मध्य तुटला की सारे जाळे लोंबते. मासेमाराच्या जाळ्याची एक गाठ सुटली तरी मासे अडकतातच. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटपासून आजच्या इंटरनेटपर्यंत ही कल्पना फलद्रूप झाली. या जाळ्याच्या गाठींवर बसून प्रत्येक निरोपाला पुढची वाट दाखविणारे यंत्र म्हणजे राउटर.

पण कचेरीच्या दारातला राउटरच बंद पडला तर? म्हणून तेथे दोन ठेवण्याची पद्धत आली. सिस्को कंपनीची एचएसआरपी आणि सर्वांसाठी खुली असलेली व्हीआरआरपी, या दोन्ही पद्धतींचे मसुदे १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील युक्ती आपल्या चावडीसारखी आहे. परगावच्या माणसाला चावडी ठाऊक असली म्हणजे पुरे. आज तेथे कोण बसला आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. कचेरीतील सर्व संगणकांना एकच सामाईक पत्ता दिलेला असतो. दोघांपैकी ज्याचा अग्रक्रम वरचा, तो राउटर त्या पत्त्यावर बसतो आणि व्हीआरआरपीच्या नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. सुमारे तीन हाका चुकल्या की दुसरा समजतो, पहिला गेला, आणि स्वतः गादीवर बसतो. या आपोआप होणाऱ्या पालटाला तंत्रज्ञ ‘फेलओव्हर’ म्हणतात. चिंचगुंडीच्या शांततेचा अर्थ लावण्याचे काम येथे यंत्रावर सोपविले आहे.

आता प्रश्न असा की, दोन राउटर असूनही कचेऱ्या बंद का पडतात? कारणे पाच-सहाच आहेत, आणि त्यांतले प्रत्येक माणसाच्या व्यवहारातही सापडते. पहिले कारण असे की, मुख्य राउटर जिवंत असतो, पण त्याच्या पुढची बाहेरची तार तुटलेली असते. तो प्रामाणिकपणे ‘मी आहे’ म्हणत राहतो, दुसरा प्रामाणिकपणे गप्प बसतो, आणि काम मात्र ठप्प! यासाठी बाहेरच्या वाटेवरही पहारा बसवून ती तुटताच मुख्याचा अग्रक्रम उतरेल, अशी तजवीज करावी लागते. दुसरे कारण याच्या उलट. दोघेही धडधाकट असतात, पण मधल्या स्विचमध्ये त्यांच्या हाका अडतात. मग दुसऱ्याला वाटते पहिला गेला, आणि एकाच चावडीवर दोन कारभारी बसतात. तिसरे कारण दवंडीचे. नवा कारभारी बसला, पण स्विचला ते कळले नाही. तो जुन्याच दाराशी निरोप टाकीत राहतो. चौथे, मुख्यावर केलेले बदल दुय्यमावर कोणी केलेच नाहीत. त्यामुळे संकटात जो पुढे आला, तो दोन वर्षांपूर्वीचाच नकाशा घेऊन आला. पाचवे, मुख्य दुरुस्त होताच घाईने परत येतो, पुन्हा पडतो, पुन्हा येतो, आणि या ये-जा करण्यातच लोकांचे हाल होतात. परत येणाऱ्याला थोडे थांबवावे, हे येथे शहाणपणाचे.

म्हणून दोष शोधण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम दोन्ही राउटरांना स्वतंत्रपणे विचारावे, ‘मुख्य कोण?’ दोघेही ‘मी’ म्हणाले तर मधली वाट तपासावी. एकच ‘मी’ म्हणाला आणि तरीही काम अडले असेल, तर त्याच्या पुढची वाट पाहावी. मग नोंदवहीत पालट कधी व किती वेळा झाला ते वाचावे. आणि शेवटी, आधी कळवून, ठरलेल्या वेळी, मुख्याची तार हाताने काढून पाहावी. परत लावूनही पाहावी. जी दुसरी वाट कधी चालून पाहिली नाही, ती वाट नव्हे. ती केवळ समजूत होय.

सहावे कारण मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते सर्वांत फसवे आहे. १२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा भाग अर्पानेटपासून तुटला. त्याला एक नव्हे, सात जोडण्या होत्या. पण त्या सातही एकाच केबलीतून गेल्या होत्या, आणि ती केबल तुटली! कागदावर सात वाटा, जमिनीत एकच.

गडचिरोलीने हा धडा मनावर कोरून घ्यावा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटला; २०१९ च्या पावसाळ्यात तर तो पुन्हापुन्हा तुटला. माओवादी चळवळीच्या काळात मोबाइलचे मनोरे जाळले गेले. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. तिची आरंभीची मांडणी बहुतांशी एकसरळ रेषेची होती, म्हणजे १८५५ च्या तारेसारखीच. मध्ये कोठे फावडे लागले की पुढची सारी गावे मुकी. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वर्तुळाची मांडणी स्वीकारली, जेणेकरून एक बाजू तुटली तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून यावा. निर्णय योग्यच आहे. परंतु वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून गेल्या, तर पुराला ते वर्तुळ दिसत नाही. त्याला एकच पूल दिसतो. उपग्रहाची जोडणी तिसरी वाट खरी, पण तिच्या उच्च कंप्रतेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. पूर आणणारा आणि उपग्रहाला झाकणारा पाऊस एकच असतो!

हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटण्याची वाट पाहणारी म्हातारी, रात्री रुग्णवाहिकेला फोन लावणारा बाप, यांच्या दृष्टीने तार किती आधुनिक आहे याला अर्थ नाही. ती तुटल्यावर काय होते, याला आहे. म्हणून दुसरी वाट आखताना अभियंत्याने नकाशाइतकाच नदीचा आणि रानाचा स्वभाव विचारात घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा ती वाट चालून पाहावी. दूरच्या गावाकडून शांतता आली, तर तिला लगेच कुशल समजू नये. तेथे कोणी बोलावयाला उरले आहे काय, हे विचारणारी व्यवस्था उभी करणे, हे राज्याचे आणि समाजाचे काम आहे.