जुन्या परवान्यावर नवी मोहोर : लॉगिन टोकनांच्या स्थलांतराचा इतिहास

#थ्रेड

मोबाइलमधील एखादे ॲप अद्ययावत होते, ओळख पटवणारी त्याची आतली सारी यंत्रणा बदलते, आणि तरीही ते आपल्याला पुन्हा पासवर्ड विचारत नाही. हे इतके सहज घडते की, यालाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. मात्र हा इतिहास आहे, आणि तो फार जुनाही नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या शालेय वयातच तो घडला.

प्रारंभ २००६ च्या सुमारास करू. ट्विटर त्या वर्षी सुरू झाले आणि त्याच्याभोवती इतरांनी बनवलेल्या ॲपांची मोठी वस्ती उभी राहिली. या ॲपांना तुमच्या खात्यात शिरण्यासाठी काय लागे? तुमचे नाव आणि तुमचा पासवर्ड. ॲप तो साठवून ठेवी आणि प्रत्येक विनंतीसोबत पाठवी. घराची किल्लीच दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि शेजाऱ्याला वाटून टाकावी तसा हा प्रकार होता. त्यांतील एकाचा विश्वास उडाला तर कुलूपच बदलावे लागे, आणि मग बाकीचे सगळे दाराबाहेर.

यावर उतारा म्हणून ट्विटरचे ब्लेन कुक आणि इतर काही जणांनी २००७ मध्ये ‘ओऑथ’ या पद्धतीचा मसुदा सिद्ध केला. कल्पना साधी होती : ॲपला किल्ली द्यायचीच नाही, परवाना द्यायचा. हा परवाना म्हणजेच टोकन. प्रत्येक ॲपचा परवाना वेगळा असल्याने एक रद्द केला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. २००९ मध्ये या पद्धतीत एक गंभीर दोष सापडला, तो दुरुस्त झाला, आणि एप्रिल २०१० मध्ये ती अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली.

नवी पद्धत लिहिणे हा त्यातला सोपा भाग होता. खरा प्रश्न असा की, असंख्य फोनांवर आणि संगणकांवर जे पासवर्ड आधीच साठवलेले आहेत त्यांचे काय करायचे?

ट्विटरने जुना दरवाजा बंद करण्यासाठी ३० जून २०१० हा दिवस ठरवला होता. पण त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, आणि गर्दीच्या ऐन मोसमात असला बदल करणे धोक्याचे होते. मुदत वाढली. १६ ऑगस्टपासून जुन्या पद्धतीने येणाऱ्यांची विनंतीमर्यादा टप्प्याटप्प्याने घटवण्यात आली आणि ३१ ऑगस्टला दार बंद झाले. (खेळाच्या सामन्यांमुळे संगणकीय सुरक्षेचे वेळापत्रक बदलावे, हे मला राजकीय इतिहासातील कित्येक प्रसंगांपेक्षा अधिक बोलके वाटते.)

या संक्रमणासाठी एक खास पूल बांधला होता : ‘एक्सऑथ’. ॲपने साठवलेला पासवर्ड शेवटचा एकदा पाठवायचा, बदल्यात टोकन घ्यायचे आणि पासवर्ड पुसून टाकायचा. वापरकर्त्याला काही कळायचेही कारण नव्हते. पण पूल ओलांडायला ॲपचा कर्ता जागेवर हवा. ज्यांच्या निर्मात्यांनी काम सोडून दिले होते ती ॲपे, कोणीतरी हौसेने लिहिलेल्या दोन-चार ओळींच्या आज्ञावल्या, जुन्या शिकवण्यांतील उदाहरणे, हे सारे सप्टेंबर उजाडता मुके झाले. सत्तांतराच्या इतिहासात आपण नेहमी विचारतो की, नव्या दरबारात ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते त्यांचे काय झाले. तो प्रश्न इथेही लागू पडतो.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ‘ओऑथ २.०’ आले आणि नुकतेच मिळवलेले परवानेही जुने ठरले. फरक मूलभूत होता. पहिल्या पद्धतीत टोकनासोबत एक गुप्त किल्ली असे आणि प्रत्येक विनंतीवर तिने सही करावी लागे. दुसऱ्या पद्धतीत सहीची अट गेली. टोकन आता धारकाला पैसे देणाऱ्या हुंडीसारखे झाले : जो दाखवील त्याचे. वाटेतल्या चोरांपासून रक्षण करण्याचे काम सांकेतिक जोडणीवर सोपवले गेले. संपादक एरन हॅमर यांना हे इतके अमान्य होते की, जुलै २०१२ मध्ये ते कामातून बाहेर पडले आणि त्यांनी दस्तऐवजावरून स्वतःचे नावही काढून घेतले. माझ्या मते त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती; पण सही करण्याच्या किचकट विधीत विकासकांच्या हातून होणाऱ्या चुका पाहता दुसरा पक्षही दुबळा नव्हता.

या वेळी पूल अधिक सुबक होते. गूगलने अशी सोय ठेवली की, जुन्या टोकनाच्या गुप्त किल्लीने सही केलेली एक विनंती पाठवली की नव्या पद्धतीचे टोकन हाती पडे. ही मुदत २० एप्रिल २०१५ ला संपली. ड्रॉपबॉक्स आणि फेसबुक यांनीही जुने देऊन नवे घेण्याची आपापली खिडकी उघडली होती. जुना परवानाच नव्या परवान्याचा पुरावा ठरला. मालकाला पुन्हा कचेरीत बोलावण्याची गरज उरली नाही.

यानंतरचे मोठे स्थलांतर पद्धतींचे नव्हते, ग्रंथालयांचे होते. (प्रोग्रॅमर ‘लायब्ररी’ म्हणतात ती तयार आज्ञावली, पुस्तकांची नव्हे.) मायक्रोसॉफ्टने आपली ‘एडाल’ ही जुनी लायब्ररी २०२३ मध्ये निवृत्त केली आणि ‘एमसॅल’ पुढे आणली. इथे परवाना देणारी कचेरी बदलली नव्हती. बदलले होते परवाने ठेवण्याचे कपाट. जुन्या लायब्ररीच्या साठ्याची मांडणी वेगळी, नवीची वेगळी. पण नूतनीकरणाच्या टोकनाची वैधता कपाटावर अवलंबून नसते. ते सर्व्हरने ठरावीक ॲपच्या ओळखक्रमांकाशी बांधलेले असते. क्रमांक तोच ठेवला, तर जुन्या कपाटातले टोकन नव्या लायब्ररीच्या हाती देता येते आणि ती त्याबदल्यात ताजी टोकने मिळवते.

या लायब्ररीच्या डॉटनेट आवृत्तीत एक बारकावा दिसतो. एडालच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नूतनीकरणाचे टोकन ॲपला उघड दाखवत. एमसॅल ते दाखवत नाही. बाहेरून जुने टोकन आत घेण्याची सोय तिने ठेवली, तीही नेहमीच्या वाटेपासून मुद्दाम बाजूला. आतले बाहेर देण्याची मात्र ठेवली नाही. स्थलांतर एकाच दिशेने.

अर्थात टोकन जिवंत असले तरच हे सारे. या व्यवस्थेत न वापरलेल्या टोकनाचे नेहमीचे आयुष्य ९० दिवसांचे. तेवढ्यात ज्याने ॲप उघडलेच नाही, त्याच्यासमोर स्थलांतरानंतर पासवर्डची रिकामी चौकट आली.