तीन वर्षांची मुदत

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले. त्यांना हवे होते रोखे आणि खतावण्या. ते हाती आले की जाळायचे. जिथे कागद मुकाट्याने मिळाले, तिथे मारहाण फारशी झालीच नाही.

माझी सारी वकिली शेजारच्या बारामतीच्या दिवाणी कोर्टात गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, त्यातच फेरआकारणीने शेतसारा वाढला, ही कारणे खरीच. पण माझे बोट जाते ते १८५९ च्या मुदतीच्या कायद्याकडे.

जुने, शिळे दावे कोर्टात येऊ नयेत म्हणून या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या भल्याचा. पण तीन वर्षांनी दावा बुडणार म्हटल्यावर सावकार काय करील? मुदत सरत आली की तो कुळाला बसवून नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुदलात घालून. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी १७२ चा रोखा, आणखी तीन वर्षांनी जवळजवळ २९६ चा. दामदुपटीच्या जुन्या नियमाने थकलेले व्याज मुदलापुढे जात नसे, म्हणजे शंभराचे दोनशेच्या वर मागता येत नव्हते. नव्या रोख्यात व्याजच मुदल झाले आणि ते कुंपण मोडले. खाली कुणब्याची नांगराची निशाणी. कोर्ट तो कागद पाहून हुकूमनामा देई, आणि त्यावर जप्ती.

१८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांसाठी आला. कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला, मुदत वाढवली, कर्जापायी होणारी कैद थांबवली. स्पष्टपणे गहाण नसलेली जमीन लिलावात काढायची नाही, असेही ठरले. हे मला आजही थोर काम वाटते. पण सावकारानेही नवा हिशेब मांडला. गहाणखत कोर्टात उकलले जाते ना? मग उसने देतानाच तो सरळ खरेदीखत मागू लागला. पैसे फिटले की जमीन परत, हे फक्त तोंडी. पुढे कलम १०-अ घालून कोर्टाला अशा खतांमागेही जाण्याची वाट द्यावी लागली.

न्या. रानडे या कायद्याखाली १८८१ पासून काम करत होते, १८८७ त विशेष न्यायाधीश झाले. गावोगावचे हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. १८९१ त पुण्याच्या औद्योगिक परिषदेत ते शेतजमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याची नवी घडी मांडताना दिसतात, ते मला त्या दप्तरांचेच फळ वाटते. सावकाराचे हात बांधले तरी बियाण्याला पैसा कुठून तरी यायलाच हवा, हे कोर्टात बसलेल्या माणसाला कळणारच.

खरेदीखताची ती युक्ती काही मेली नाही. माझ्याकडेही पक्षकार येत आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खत पुढे ठेवून सांगत, "वकीलसाहेब, हे गहाण हाय, विकलं न्हाई आम्ही." २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याचे कलम १८ जिल्हा निबंधकाला अशी जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार देते.