लाकडी विमानपंख्याचा जीर्णोद्धार

विमानविद्येच्या इतिहासात इंजिनाचे आणि वैमानिकाचे जेवढे गुणगान झाले, तेवढे सुताराचे झाले नाही. वास्तविक आरंभीची कित्येक वर्षे विमानाला पुढे ओढणारा वा ढकलणारा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हे सुतारकामच होते. विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनी १९०३ साली स्प्रूसच्या फळ्या एकीवर एक चिकटवून साडेआठ फूट व्यासाचे दोन पंखे केले, ते हत्यारांनी तासून पात्यांस पीळ दिला आणि टोके उकलू नयेत म्हणून त्यांवर पातळ कापड चढविले. इंजिनाच्या शक्तीपैकी सुमारे ७५ टक्के शक्ती हे पंखे कारणी लावीत, असा अलीकडील तज्ज्ञांचा निर्वाळा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळातील पंखे अक्रोड, महोगनी इत्यादी लाकडांच्या थरांचे असत व ते थर बहुधा सरसाने जोडलेले असत. हा सरस आमच्या सुतारांच्याही ओळखीचा. त्याचा वैरी म्हणजे ओलावा. पंखा उभा राहिला की ओल खालच्या पात्यात उतरते आणि तेवढेच ते जड होते. म्हणून विमान थांबले असता दोन पात्यांचा पंखा आडवा ठेवण्याचा शिरस्ता पडला. टोकांवरील पितळी पत्र्यास बारीक छिद्रे ठेवीत, ती आत मुरलेले पाणी फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जावे म्हणून.

दुरुस्ती करणारा प्रथम लाकडाच्या रेषा पाहतो. रेषांना धरून गेलेली लहानशी चीर सरस भरून, दाबून सांधता येते. रेषा तोडून गेलेली खोल आडवी चीर दिसली की पंखा बाद. त्यानंतर तोल. मध्यभागी दांडा घालून पंखा धारेवर टेकवावयाचा. जे पाते खाली जाईल ते जड. हलक्या पात्यावर रोगणाचा एखादा हात अधिक दिला तरी फरक पडतो.

उभी चीर सांधता येते म्हणून ती क्षुल्लक मात्र नव्हे. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल लष्करी अधिकाऱ्यांपुढे उड्डाण करीत असता पंख्याचे एक पाते उभे चिरले. त्याचा रेटा कमी झाला, कंप सुटला आणि दुसरे पाते शेपटाला आधार देणाऱ्या तारेवर आदळले. विमान कोसळले. सोबतचे लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज दगावले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातील ते पहिले बळी होत. ऑर्व्हिल कित्येक आठवडे रुग्णालयात होते.

उडावयाच्या पंख्याबाबत, तेव्हा, दयामाया चालत नाही. पण संग्रहालयात आलेल्या पंख्याला हाच न्याय लावणे आम्हांस मान्य नाही. येथे तासणे, घासणे, नवे चकचकीत रोगण देणे म्हणजे पुरावा पुसणे होय. जुन्या वाड्यांचे कोरीव खांब तैलरंगाने माखलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगणे नको. पात्यावरील खड्यांचे ओरखडे, कारखान्याचे शिक्के, मध्यभागी बोल्टांनी दाबलेले लाकूड ही त्या पंख्याची बखर आहे. धूळ काढावी, सुटलेला थर पुढे पुन्हा सोडविता येईल अशा सरसानेच बसवावा, आणि काय केले ते लिहून ठेवावे. मूळ लाकडाचे मोल केवढे असते, ते १९६९ साली दिसले: नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेले, तेव्हा राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या डाव्या पंख्याच्या लाकडाचा अंश त्यांनी बरोबर नेला होता.

एक प्रश्न मात्र आम्हांसही अडवितो. युद्धानंतर निरुपयोगी ठरलेल्या पुष्कळ पंख्यांच्या मध्यभागी घड्याळे बसवून ते दिवाणखान्यांत लावण्यात आले. असे घड्याळ काढून ती जागा बुजवावी काय? कारागिराचा हात शिवशिवेल. परंतु परतलेल्या एखाद्या वैमानिकाच्या घरी ते घड्याळ वर्षानुवर्षे चालले असेल, तर तोही त्या लाकडाचा इतिहासच झाला. आम्ही तरी ते तसेच राहू देऊ.