बायबलच्या समासातील खुणा

“फादर, बायबलमध्ये पेन्सिलीने रेघ ओढली तर चालते का?” हा प्रश्न धर्मग्रामातील भाविक आम्हांस अनेकदा विचारतात. विचारणाऱ्याच्या स्वरात संकोच असतो. ज्या ग्रंथाला आपण घरातील वेदीवर, मेणबत्तीशेजारी स्थान दिले, त्याच्या पानावर आपले ओबडधोबड अक्षर उमटावे, हे त्याच्या मनाला रुचत नाही. हा संकोच आदरातून उपजलेला आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु याच आदरापोटी कित्येक घरांतील बायबल कोरे राहते, आणि कोरे राहता राहता न वाचलेलेही राहते. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या इतिहासाने या प्रश्नाचे काय उत्तर दिले आहे, ते पाहणे उचित ठरेल.

तिसऱ्या शतकात पॅलेस्टाईनमधील कैसरिया नगरात ओरिगेन नावाचा थोर विद्वान राहत होता. त्या काळी ख्रिस्ती लोक जुना करार ग्रीक भाषांतरातून वाचत. हे भाषांतर आणि मूळ हिब्रू संहिता यांत ठिकठिकाणी फरक आढळे. ओरिगेनने मूळ हिब्रू, तिचे ग्रीक लिपीतील रूप आणि चार ग्रीक भाषांतरे अशा सहा रकान्यांत जुना करार मांडला. हाच तो ‘हेक्झाप्ला’ ग्रंथ. ग्रीक भाषांतरात आहे पण हिब्रूत नाही, अशा मजकुरापाशी त्याने आडव्या रेघेची खूण केली. हिब्रूतून नव्याने भर घातलेल्या मजकुरापाशी तारकेची खूण केली. या खुणा त्याच्या कल्पनेतल्या नव्हत्या. अलेक्झांड्रियाचे पंडित होमरच्या काव्याचा अभ्यास करताना अशाच खुणा वापरीत असत. ओरिगेनने विद्येचे ते साधन प्रभुशब्दाच्या सेवेला लावले. अडचणीचा मजकूर त्याने खोडून टाकला नाही. तो तेथेच ठेवून फक्त दाखवून दिला.

पुढे चौथ्या शतकात त्याच नगराचे बिशप युसेबियस यांनी चारही शुभवर्तमानांचे लहान लहान भाग पाडले. एकट्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे ३५५ भाग झाले. प्रत्येक भागाचा क्रमांक समासात लिहिला आणि त्याखाली लाल शाईने दहांपैकी एका तक्त्याचा क्रमांक दिला. तो तक्ता पाहिला की तोच प्रसंग मार्क, लूक वा योहान यांनी कोठे सांगितला आहे, हे वाचकाला कळे. त्यापूर्वी दुसऱ्या शतकात तातियनने चार शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच कथा तयार केली होती. युसेबियस यांनी मात्र चौघांचे चार आवाज वेगळेच ठेवले आणि त्यांना जोडणारी वाट समासातून काढली. आजच्या बायबलमधील संदर्भवचनांचे मूळ येथे आहे.

समासातील खुणेला एक धोकाही असतो. तो नेमकेपणाने सांगितला संत जेरोम यांनी. सुन्निया व फ्रेटेला या दोन गॉथ गृहस्थांना स्तोत्रसंहितेविषयी लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी एक तक्रार केली आहे. वाचकाला समजावे म्हणून त्यांनी बाजूला एक टीप लिहिली होती. कोण्या अविचारी नकलनविसाने ती उचलून थेट स्तोत्राच्या ओळीत घातली! माणसाचा शब्द देवाच्या शब्दात मिसळला गेला, याचे जेरोम यांना आश्चर्य व दुःख झाले.

हे एकदाच घडले असे नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून पाहावा. तळ्याच्या काठी पडलेल्या आजाऱ्यांच्या प्रसंगात, देवदूत पाणी हालवीत असे हे सांगणारे चौथे वचन अनेक आधुनिक आवृत्त्यांत कंसात असते किंवा तळटीपेत दिलेले असते. अतिप्राचीन हस्तलिखितांत ते आढळत नाही. पाणी का हालते याचा कोणी दिलेला खुलासा मागाहून मूळ मजकुरात शिरला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हा धोका ज्यांनी सर्वांत काटेकोरपणे टाळला, त्यांत ज्यू मॅसोरेटी पंडितांना मानाचे स्थान आहे. साधारणतः सातव्या ते दहाव्या शतकांत, विशेषतः गालील सरोवराकाठच्या तिबिर्य नगरात, त्यांनी हिब्रू शास्त्राची जपणूक केली. परंपरेने आलेले एकही अक्षर ते बदलीत नसत. एखादा शब्द लिहिला आहे त्याहून वेगळा वाचावयाचा असेल, तर ‘लिहिलेले’ ओळीत ठेवून ‘वाचावयाचे’ ते समासात नोंदवीत. या सर्व खुणा अभ्यासाच्या ग्रंथांत असत. सभास्थानात वाचली जाणारी तोराची गुंडाळी मात्र आजही स्वरचिन्हांवाचून, कोरीच ठेवतात. आमच्या मते येथे विचारणाऱ्याच्या संकोचाला योग्य जागा मिळते. मंदिरातील वाचनग्रंथ सर्वांचा आहे, त्यावर आपली खूण नको. घरातील अभ्यासाचे बायबल मात्र आपल्या परिश्रमाची वाट पाहत असते.

बाराव्या शतकात फ्रान्समधील लाओं येथील आन्सेल्म आणि त्यांच्या परंपरेतील शिक्षकांनी ‘ग्लोसा ऑर्दिनारिया’ हा टीपांसहित बायबलचा संग्रह आकारास आणला. पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत शास्त्र, ओळींमध्ये बारीक अक्षरांत अर्थ आणि दोन्ही बाजूंना ऑगस्टीन, जेरोम, ग्रेगरी आदी आचार्यांची वचने, अशी त्याची मांडणी असे. तेव्हाचा विद्यार्थी शास्त्र एकट्याने वाचत नसे. साऱ्या पूर्वसुरींची पंगत त्याच्याभोवती बसलेली असे. पुढे १३ व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये शिकविणारे स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी आजची अध्यायरचना जोडली गेली, तर रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक नव्या करारात आजचे वचनक्रमांक घातले. ज्या अंकांनी आपण वचन शोधतो, तेही मूळ लेखकांचे नव्हेत. त्याही वाचकांनी केलेल्या खुणाच होत.

याच सोळाव्या शतकात समासाचे रणांगण झाले. जिनिव्हात १५६० मध्ये निघालेल्या प्रॉटेस्टंट इंग्रजी बायबलमध्ये कडवट टीपा होत्या. रेम्स येथे १५८२ मध्ये निघालेल्या कॅथलिक नव्या करारातील टीपाही तितक्याच झुंजार होत्या. विल्यम फुल्क यांनी १५८९ मध्ये रेम्सची टीप आणि तिचे खंडन एकत्र छापले. जिनिव्हाच्या काही टीपा राजसत्तेला धोकादायक वाटल्याने राजा जेम्स याने १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत नव्या भाषांतरात तशा टीपा नकोत असे बजावले. दोन्ही बाजूंनी शास्त्र तेच होते, पण समासातून परस्परांवर दगड येत होते. आपली टीप शेजाऱ्यासाठी लिहिली जाऊ लागली की ती आपल्याला शिकवेनाशी होते, हा त्या काळाचा धडा आहे.

तरीही ख्रिस्तसभेने टीप टाकून दिली नाही. लोकभाषेतील बायबल धर्माचार्यांच्या टीपांसह असल्यास वाचण्यास १७५७ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत मोकळीक मिळाली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने पवित्र शास्त्राची दारे सर्व भाविकांना सताड उघडली, आणि भाषांतरांना आवश्यक व पुरेशा टीपा असाव्यात असेही सांगितले. जेरुसलेमच्या एकोल बिब्लिक या संस्थेतील अभ्यासकांनी सिद्ध केलेले, समासात संदर्भ व तळाशी टीपा असलेले बायबल १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये एका खंडात निघाले होतेच. मराठीत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने शास्त्र आपल्या बोलीजवळ आणले. आता सबब उरली आहे ती आपल्या हातातील पेन्सिलीचीच.

तेव्हा, भाविकहो, खूण अवश्य करावी. मात्र ती या इतिहासाला साजेशी असावी. पेन्सिल वापरावी. आपले अक्षर छापील अक्षरापुढे नम्र दिसले पाहिजे आणि उद्या समज वाढली तर ते पुसताही आले पाहिजे. जेथे अर्थ लागत नाही, तेथे ओरिगेनसारखी प्रामाणिक खूण करावी. न कळलेले वचन ओलांडून जाण्यापेक्षा त्यापाशी प्रश्नचिन्ह ठेवून आपल्या धर्मगुरूंना विचारणे केव्हाही बरे. एखादे वचन वाचताना दुसरे आठवले, तर त्याचा अंक समासात टिपावा. हीच युसेबियस यांची वाट. वचन मनाला भिडले त्या दिवसाची तारीख लिहावी. आवडत्या ओळींखाली रेघा मारताना, ज्या ओळी टोचतात त्यांना वगळू नये. ‘आपल्या शत्रूंवर प्रीती करा’ या वचनाखालची रेघ सहसा हात आखडून मारली जाते! आणि ‘हे अमक्याला लागू आहे’ अशी टीप तर कधीच लिहू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. त्या दिवशी मंदिरात ग्रंथाचा सन्मान होतो, धूप दिला जातो. घरी मात्र त्याचा सन्मान वेगळ्या रीतीने करता येईल. रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्रीच उघडावे, कुटुंबात मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येकाने एका तरी वचनापाशी थांबून तेथे आपली लहानशी खूण ठेवावी.