भाट्ये किनाऱ्यावरचे पक्षी टिपायला कॅमेरा स्वस्त की महाग? फरक नेमका कुठे पडतो?

पक्ष्याचा एखादा देखणा फोटो फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर आला की खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कॅमेरा कोणता?’ उत्तरात पाच लाखांचा कॅमेरा आणि दहा लाखांच्या वरची लेन्स निघाली की अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. काही जण उलट टोकाला जातात आणि हप्त्यांवर महागडा कॅमेरा उचलतात. वर्षभरात तो कपाटात जातो, हप्ते मात्र सुरूच राहतात.

महाग कॅमेऱ्याने फरक पडतो यात वाद नाही. पण तो कुठे पडतो आणि कुठे अजिबात पडत नाही, हे कळले तर बरेच पैसे वाचतात. त्यासाठी रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा हे चांगले उदाहरण आहे.

भाट्येत टिपण्यासारखे काय आहे?

रत्नागिरी शहरातून पावसकडे जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. एका बाजूला लांब वाळूचा किनारा आणि त्यामागे सुरूचे बन, दुसऱ्या बाजूला खाडी, चिखल आणि खारफुटी. जवळच नारळ संशोधन केंद्राच्या नारळाच्या बागा. म्हणजे थोड्या अंतरात तीन-चार प्रकारचे अधिवास मिळतात.

थंडीत कुरव, सुरय आणि चिखल्यांसारखे पाहुणे येतात. बगळे, खंड्या आणि घारी वर्षभर असतात. ओहोटीला ओल्या वाळूवर खेकडे बाहेर पडतात. यातला प्रत्येक जीव कॅमेऱ्याची वेगळी परीक्षा घेतो. बगळा एका जागी उभा राहतो, चिखल्या मुठीएवढा आणि सतत पळता, तर घार वेगाने पाण्यावर झेपावणारी.

आधी साधे गणित : पक्षी फोटोत किती मोठा दिसेल?

लहान चिखल्या साधारण १६ सेंटिमीटर लांब असतो. तो २० मीटरवर उभा आहे असे धरू.

पहिला पर्याय, कॅनन १५००डी आणि ५५-२५० मिमीची लेन्स. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. लेन्स २५० मिमीवर ठेवली तर फोटोत पक्ष्याची लांबी सुमारे ५४० पिक्सेल भरते.

दुसरा पर्याय, निकॉन झेड९ आणि ६०० मिमीची लेन्स. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा. त्याच जागेवरून पक्षी सुमारे ११०० पिक्सेलचा येतो. म्हणजे दुप्पट.

पण पहिल्याच कॅमेऱ्याने अंतर २० मीटरवरून १० मीटरवर आणले तर त्यातही पक्षी सुमारे १०८० पिक्सेलचा होतो. दहा मीटरचे अंतर कमी झाले आणि आकारातला फरक जवळजवळ संपला. इन्स्टाग्रामवर फोटोची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. फक्त मोबाइलच्या पडद्यावर दाखवायचे असेल तर ४५ मेगापिक्सेलमधले बहुतेक पिक्सेल तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. ते लागतात मोठ्या छपाईला. ए३ आकाराची उत्तम छपाई करायची तर सुमारे पावणेदोन कोटी पिक्सेल, म्हणजे साडेसतरा मेगापिक्सेल हवेत.

मग लाखो रुपये जातात कुठे?

पहिला खर्च काचेचा. ६०० मिमी एफ/४ लेन्सचे प्रकाश घेणारे तोंड १५० मिमी रुंद असावे लागते. २५० मिमी एफ/५.६ लेन्सला जेमतेम ४५ मिमी पुरते. इतकी मोठी, निर्दोष काच घडवणे महाग असते. १५०-६०० मिमीच्या मध्यम किमतीच्या झूम लेन्स ६०० मिमीवर एफ/६.३ देतात. एफ/४ त्यांच्यापेक्षा सुमारे अडीच पट प्रकाश आत घेते. पहाटे महाग लेन्सला आयएसओ १६०० पुरत असेल, तर झूम लेन्सला त्याच शटर वेगासाठी जवळपास ४००० लागतो. फोटोतले दाणे तिथून वाढतात.

दुसरा खर्च सेन्सरचा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो. कॅनन १५००डीमध्ये असतो तो एपीएस-सी सेन्सर त्याच्या निम्म्याहून लहान. निकॉन पी९५०सारख्या, लेन्स न बदलता येणाऱ्या सुपरझूम कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे ६ बाय ४.५ मिमीचा, म्हणजे फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. सेन्सर लहान म्हणून छोट्या लेन्समधूनही २००० मिमीसारखे प्रचंड झूम मिळते. पण प्रकाश कमी झाला की पिसांचे बारकावे आधी पुसले जातात.

तिसरा खर्च फोकसचा, आणि आजच्या काळात खरा फरक इथेच आहे. १५००डीमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत आणि तो सेकंदाला ३ फोटो काढतो. झेड९ सेकंदाला २० रॉ फोटो काढतो आणि पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्याच्यावर टिकून राहतो. खाडीवर झेपावणारी घार दोन-तीन सेकंदांत येऊन जाते. एकाला त्या वेळात सहा-नऊ फोटो मिळतात, दुसऱ्याला चाळीस-साठ. पंख नेमके उघडे आणि डोळा स्पष्ट असा फोटो कोणाकडे असण्याची शक्यता जास्त, हे सांगायला नको.

दिलासा इतकाच की डोळा ओळखणारा फोकस आता फक्त लाखो रुपयांच्या कॅमेऱ्यात राहिलेला नाही. कॅनन आर५०सारख्या सुरुवातीच्या मिररलेस कॅमेऱ्यातही तो येतो. म्हणून नवा कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आधी फोकस कसा आहे ते पाहावे.

महाग कॅमेराही हरतो, तो कुठे?

उन्हात तापलेल्या वाळूवर. सकाळी दहा-अकरानंतर वाळूवरची गरम हवा थरथरू लागते. त्या हवेतून लांबचा पक्षी टिपला की फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. लेन्स जितकी लांब आणि अंतर जितके जास्त, तितका हा दोष ठळक. पैशाने हवा शांत करता येत नाही. लवकर जाणे आणि अंतर कमी ठेवणे एवढाच उपाय.

प्रकाशाच्या दिशेचेही तसेच. भाट्येचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सुरूच्या बनावरून ऊन वाळूवर उतरते तेव्हा समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि पक्षी समोरून उजळतो. संध्याकाळी सूर्य पक्ष्याच्या मागे जातो. तेव्हा पिसांचा रंग कोणताच कॅमेरा नीट देणार नाही, छायाकृती मात्र सुंदर येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पहाट आणि ओहोटी एकत्र येणारा दिवस हेरणे फुकट असते, आणि तो दिवस महागड्या लेन्सहून जास्त कामाला येतो.

शिवाय वजन. झेड९ आणि ६०० मिमी एफ/४ लेन्स मिळून साडेचार किलोंच्या वर जातात, तर १५००डी आणि ५५-२५० एक किलोच्याही आत. वाळूत बसून, रांगत पुढे सरकायचे असेल तर हलका कॅमेरा जास्त वेळ हातात राहतो.

आणि कोकणातला पावसाळा. दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि ती किंमत पाहून येत नाही. लेन्स कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलल्या तरी काम भागते. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असलेली बरी. किनाऱ्यावरून परतल्यावर ओलसर कापडाने खारट थर पुसावा. वाळूत उभे राहून लेन्स बदलणे टाळावे.

जवळ जाण्याची किंमत पक्षी मोजतो

दहा मीटर जवळ गेल्यावर लाखो रुपयांचा फरक भरून निघतो, हे गणित बरोबर आहे. पण त्याला एक अट आहे : पक्षी उडता कामा नये. थंडीत आलेले चिखल्या इथे खाऊन चरबी साठवतात आणि त्या चरबीवर परतीचा लांबचा प्रवास करतात. दर थोड्या वेळाने कोणी थव्यात धावत गेले, की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली शक्ती उडण्यात खर्च होते. कुरवांना शेव-फरसाण टाकून जवळ बोलावणे हाही फोटोचा मार्ग नव्हे.

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर फोटो काढणारा घरट्याच्या फार जवळ आला आहे असे समजावे आणि मागे फिरावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते.

लांब लेन्सचे खरे मोल इथे आहे. ती पक्ष्याला त्याचे अंतर देते. स्वस्त कॅमेरा असलेल्याने तेच अंतर संयमाने मिळवायचे असते. पक्ष्याच्या वाटेवर आधीच खाली बसावे, हालचाल थांबवावी आणि पक्ष्याला स्वतः जवळ येऊ द्यावे. ओल्या वाळूवर खाणे शोधत फिरणारे चिखल्या स्थिर बसलेल्या माणसाच्या बरेच जवळून जातात.

कोणी काय घ्यावे?

पक्षी ओळखणे आणि नोंद ठेवणे एवढाच हेतू असेल, तर सुपरझूम कॅमेरा उत्तम. तो लांबूनही ओळख पटेल इतका फोटो देतो. बीएनएचएससारख्या संस्था काही किनारी पक्ष्यांच्या पायात कोड लिहिलेल्या छोट्या झेंड्या घालतात. चांगल्या उजेडात तो कोड अशा कॅमेऱ्याने वाचता आला तर त्या फोटोला शास्त्रीय मोल येते.

शिकायची इच्छा आहे आणि खिसा बेताचा आहे, तर वापरलेला एपीएस-सी कॅमेरा आणि २५० किंवा ३०० मिमीची लेन्स. जुना घेताना लेन्स उजेडासमोर धरून बुरशी पाहावी आणि कॅमेऱ्याचा शटर किती वेळा उघडला आहे ते तपासावे.

वर्षभर नियमित फिरणे झाले आणि उडते पक्षी हुकतात असे वारंवार दिसू लागले, तर पक्ष्याचा डोळा ओळखणारा मिररलेस कॅमेरा आणि १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची लेन्स. बहुतेक हौशी लोकांची गरज इथे पूर्ण होते.

फोटो विकून किंवा सहली नेऊन पैसे मिळत असतील, पहाटे-संध्याकाळी अंधूक उजेडात काम असेल आणि मोठी छपाई लागत असेल, तरच लाखोंची लेन्स. तीही आधी दोन दिवस भाड्याने वापरून पाहावी. पुणे-मुंबईत ही सोय आहे.

आणि वरीलपैकी काहीच निश्चित नसेल, तर आहे तो मोबाइल आणि एक साधी दुर्बीण घेऊन आधी थंडीतल्या चार सकाळी भाट्ये किनाऱ्यावर घालवाव्यात. पक्षी कुठे बसतात, किती जवळ येऊ देतात आणि पहाटे उठणे आपल्याला झेपते का, ही तीन उत्तरे मिळाली की कॅमेऱ्याची निवड बरीच सोपी होते.